गुणवत्ता यादी नको, सोडत काढा

प्रज्ञावंत मुलांच्या शाळेतले प्रवेश सोडतीने द्यावेत, असं म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग विचारतो, "म्हाडाची घरं आहेत का ती?" हुशार मुलांची शाळा आणि तिथे नशिबाचा खेळ, हे पचायला जडच जातं. मी मात्र हे पुरेशा गांभीर्याने म्हणतोय. चौथीतल्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घेऊन पाचवीच्या चाळीस किंवा ऐंशी जागा भरणाऱ्या शाळांच्या हातात जे मोजमाप असतं, ते मूल पात्र आहे की नाही हे सांगण्यापुरतं बरं असतं. एकोणऐंशीवा कोण आणि एक्क्याऐंशीवा कोण, हे सांगण्याची त्याची कुवत नसते. त्यामुळे यादीच्या शेपटाकडे जे घडतं ती सोडतच असते. फक्त ती उघडपणे काढलेली नसते, आणि जे मूल बाहेर राहतं त्याला आपण नशिबात कमी पडलो असं न वाटता डोक्यात कमी पडलो असं वाटतं.

थोडं गणित करून बघू. आयक्यूची सरासरी १०० धरतात आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, १५. विश्वसनीयता म्हणजे चाचणी परत घेतली तर निकाल किती जुळेल त्याचं माप, जास्तीत जास्त १. चांगल्या, प्रमाणित चाचणीची ती ०.९ असेल तर प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा साधारण किती चुकू शकतो ते, पाचेक गुणांची येते. दोन्ही बाजूंना तिच्या जवळपास दुप्पट अंतर धरलं तर ज्या मुलीला १३० मिळाले तिचा खरा आकडा साधारण १२१ ते १३९ यांच्यात कुठेतरी आहे, इतकंच खात्रीने म्हणता येतं. त्या दिवशी तिला सर्दी होती, शेजारचा मुलगा बाक हलवत होता, की सगळं तिच्या मनासारखं जुळून आलं, हे त्या आकड्यातून कळत नाही. आता १३१ ला प्रवेश आणि १२९ ला नकार देणं म्हणजे किराणा दुकानाच्या काट्यावर सोनं तोलण्यासारखं आहे. काटा खोटा नसतो, पण त्याला गुंजेचा फरक कळत नाही.

दुसरं गणित जागांचं. १३० च्या वर आयक्यू असलेली मुलं शंभरात दोनाहून थोडी अधिक असतात. एखाद्या मोठ्या शहराच्या परिसरात त्या वयाची एक लाख मुलं धरली तर अशी सव्वादोन हजारांच्या आसपास निघतील. शाळेत जागा ऐंशी. निकष कितीही काटेकोर लावला, चाचणी कितीही निर्दोष केली, तरी तितक्याच लायकीची शेकडो मुलं बाहेर राहणार आहेत. प्रश्न फक्त त्यांना बाहेर कसं ठेवायचं आणि काय सांगून ठेवायचं, इतकाच आहे.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीशिवाय पुढे जाता येत नाही. डॉ. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ती सुरू केली तेव्हा ती शाळा नव्हतीच. वेगवेगळ्या शाळांतली हुशार मुलं आपापली शाळा सांभाळून सदाशिव पेठेत येत आणि जादा काही शिकत. पूर्ण वेळेची प्रशाला आली १९६९ मध्ये. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाने चाचण्या तयार केल्या त्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर. बुद्धी ही एकसंध वस्तू आहे हेच गिलफर्डना मान्य नव्हतं. त्यांच्या मूळ मांडणीत बौद्धिक क्षमतांचे १२० प्रकार होते, नंतर ते त्याहून वाढले. एखाद्याची स्मृती तल्लख असेल, एखाद्याला एका प्रश्नाची दहा उत्तरं सुचत असतील, एखाद्याला आकृतीतली चूक चटकन दिसत असेल. ही समज इतक्या वर्षांपूर्वी इथे, मराठीत, चाचण्यांच्या रूपात उतरली होती, याचं मला कौतुक वाटतं. पण कुठल्याही शाळेत इतक्या अंगांनी मोजलेलं मूल शेवटी प्रवेशाच्या दिवशी एका यादीत एका क्रमांकावर बसवावं लागतं. यादीचा स्वभावच तसा. १२० प्रकारांना तिच्यात जागा नसते.

बुद्धिमापनाचा उगमही विसरला गेलाय. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी रचली ती कोणत्या मुलाला शाळेत जास्त मदत लागेल ते ओळखण्यासाठी. मदत कोणाला द्यायची हे शोधणारं साधन पुढे जागा कोणाला द्यायची हे ठरवू लागलं. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं, त्यांचं पुस्तक १९४० चं. कामतांचं नाव आजही बालमार्गदर्शन केंद्रांत निघतं, आणि तिथे चाचणी मूळ कामालाच वापरली जाते, हे बरं आहे.

चाचणी कोणाला पकडते आणि कोणाला सोडते, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये तिथे दीड हजारांवर प्रज्ञावंत मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर अभ्यास करायचं ठरवलं. त्या मुलांपैकी कोणालाही नोबेल मिळालं नाही. ज्यांची चाचणी झाली पण आकडा पुरेसा आला नाही म्हणून जे वगळले गेले, त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते. शॉकलींना १९५६ मध्ये आणि अल्वारेझना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. यावरून चाचण्या टाकाऊ आहेत असं काही जण म्हणतात, तो अतिरेक आहे. टर्मनची पुष्कळ मुलं पुढे खरंच मोठ्या योग्यतेची निघाली. पण रेषेच्या जवळ असलेल्या मुलांबद्दल चाचणी काही ठाम बोलत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये, एवढं यातून नक्की निघतं.

आता क्लासबद्दल. दिवाळीची सुट्टी संपली की चौथीतल्या मुलांच्या आया एकमेकींना विचारू लागतात, "तू कुठे लावलाय?" बुद्धिमत्ता चाचणीचा क्लास ही आता शिष्यवृत्तीच्या क्लासइतकीच सवयीची गोष्ट झाली आहे. त्यात काय शिकवतात ते एकदा जवळून बघावं. चौकोनी कागद दोनदा घडी घालून चौथाईचा केला आणि एक कोपरा कापला. उलगडल्यावर कागद कसा दिसेल? ज्या मुलाने हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलंय ते डोळे मिटतं, मनातल्या मनात घडी उलगडतं, चुकतं, परत उलगडतं. ज्याने क्लासमध्ये असे ढीगभर प्रश्न सोडवलेत त्याला पाठच असतं: घडीचा बंद कोपरा कापला तर मधोमध एक भोक, चारही पदरांचा सुटा कोपरा कापला तर चारही कोपरे गायब, उरलेल्या दोनांपैकी कुठलाही कापला तर समोरासमोरच्या दोन कडांना खाचा. दुसरं मूल चार सेकंदांत खूण करून पुढे जातं. दोघांना गुण तेवढाच, पण वेळ पहिल्याचा गेला. प्रश्न रचणाऱ्याला पहिल्या मुलाने काय केलं ते मोजायचं होतं.

भाषेच्या प्रश्नांत तर आणखी मजा. 'गटात न बसणारा शब्द ओळखा: सतार, सरोद, तबला, वीणा.' शहरातल्या, घरात गाणं ऐकलेल्या मुलाला हा प्रश्न म्हणजे प्रश्नच नाही. आता हाच प्रश्न असा घालून बघा: 'नांगर, कुळव, विळा, पाभर.' बैल जुंपावे लागत नाहीत तो विळा. शेतकऱ्याच्या घरातलं पोर हसत सांगेल, आणि कोथरूडमधलं मूल पाभर म्हणजे काय म्हणून वर बघेल. दोन्ही प्रश्नांना लागणारं डोकं अगदी सारखं आहे. पहिल्या जातीचे प्रश्न जास्त सापडतात, कारण प्रश्न काढणारी माणसं सतारीच्या घरातली असतात. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पण निकाल लागतो तेव्हा तो हेतू असल्यासारखाच लागतो.

वयाचंही तेच. एकाच वर्गात जूनमध्ये जन्मलेलं मूल आणि त्याच्यानंतर अकरा महिन्यांनी पुढच्या मेमध्ये जन्मलेलं मूल शेजारी बसतात. साडेनऊ वर्षांच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे दहावा हिस्सा. प्रमाणित चाचण्या वयानुसार गुण जुळवून घेतात. पण ज्या प्रवेश परीक्षा मिळालेल्या गुणांवर सरळ यादी लावतात त्या मोठ्या मुलाला फुकटचा फायदा देतात. दर शाळेने आपल्या निवडलेल्या मुलांचे जन्ममहिने एकदा मांडून बघावेत. काम अर्ध्या तासाचं आहे.

कायद्याचं म्हणणं काय, हेही बघायला हवं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ ने सहा ते चौदा वयाच्या मुलांना प्रवेश देताना चाळणी लावायला बंदी केली. मोडलं तर पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. चाळणी म्हणजे काय? यादृच्छिक पद्धत, म्हणजे सोडतीसारखी नशिबावर सोडलेली पद्धत, सोडून एका मुलाला दुसऱ्यापेक्षा अधिक पसंती देणारी कोणतीही निवड, अशी कायद्याची व्याख्या आहे. केंद्रीय विद्यालयं, नवोदय, सैनिकी शाळा यांचा कायद्याने एक वेगळा प्रवर्ग केला, आणि वेगळं वैशिष्ट्य असलेल्या इतर शाळांनाही सरकार अधिसूचना काढून त्यात घेऊ शकतं. तीन वर्षांच्या पोराच्या आईबापांची मुलाखत घेणाऱ्या इंग्रजी शाळांना आळा घालायला हे कलम हवंच होतं. पण ज्या शाळेचं कामच वेगाने शिकणाऱ्या मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवायचं, तिला मुलाचा वेग बघायचाच नाही असं सांगणं मला ताणलेलं वाटतं. मी सुचवतोय त्यातली पात्रता चाचणीही कायद्याच्या शब्दाला पूर्ण उतरत नाही, हे मान्य. पण कायद्याच्या मनाच्या ती सध्याच्या यादीपेक्षा बरीच जवळ आहे. आणि सोडत महाराष्ट्राला नवी कुठे आहे? खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा आपण दरवर्षी ऑनलाइन सोडतीनेच भरतो. गरिबाच्या मुलाने नशिबाची वाट बघायची आणि हुशार म्हणून मिरवणाऱ्याच्या मुलाने मात्र 'मेरिट'वर जायचं, असा हा भेद आहे, तो कोणाला खटकत कसा नाही?

"शाळा खासगी आहे, ती काय वाट्टेल ते करेल," हे उत्तर फार झटपट दिलं जातं. शाळा नफ्यासाठी चालत असेल तर त्यावर वेगळं बोलू. पण अशा बहुतेक शाळा धर्मादाय न्यासाच्या असतात, देणग्या घेतात, करसवलती घेतात, आणि समाजाला नेतृत्व द्यायचंय असं सांगतात. समाजासाठी नेते घडवायचे असतील तर नेते कोणत्या घरांतून उचलले जातात, हे विचारायचा समाजाला हक्क आहे.

मला काय हवंय ते सांगतो. चाचणी ठेवावी. तिच्यातली त्रुटी धरून रेषा थोडी खालीच आखावी आणि ती आधी जाहीर करावी. रेषेच्या वर आलेल्या सगळ्यांना पात्र म्हणावं, गुण सांगूच नयेत. मग पालकांसमोर सोडत काढावी. ज्यांच्याबद्दल शंकेला जागाच नाही अशा मोजक्या मुलांना सरळ प्रवेश द्यायलाही माझी हरकत नाही. नेदरलँड्सने वैद्यकीय शिक्षणात हे करून पाहिलंय. तिथे १९७० च्या दशकापासून भारित सोडत होती: शाळेतले गुण जितके जास्त तितकी नाव निघण्याची शक्यता जास्त, पण खात्री कोणालाच नाही. १९९६ मध्ये एका अत्यंत हुशार मुलीचं नाव तिसऱ्यांदाही निघालं नाही आणि देशभर गदारोळ झाला. त्यानंतर दहापैकी आठ किंवा त्याहून जास्त सरासरी असलेल्यांना थेट प्रवेश देण्याची तरतूद आली. २०१७ मध्ये त्यांनी सोडत बंद केली आणि निवड कॉलेजांवर सोपवली. पण निवडीतही सुस्थितीतल्या घरांचीच मुलं पुढे सरकतात अशी टीका होत राहिली, आणि २०२३ पासून सोडतीला पुन्हा परवानगी मिळाली. डच लोक भाबडे नाहीत; दोन्ही करून बघितल्यावर त्यांनी दार पुन्हा उघडलं.

सोडतीचा एक फायदा शाळांना स्वतःला आहे, आणि मला वाटतं त्याचीच त्यांना धास्ती असावी. हुशार मुलं निवडून घेतली की दहावीचा निकाल उत्तम लागणारच. तो शाळेने लावला की चाळणीने, हे आज कोणालाच सांगता येत नाही. पात्र मुलांतून सोडत काढली तर ज्यांचं नाव निघालं आणि ज्यांचं निघालं नाही ते दोन गट सर्व बाबतींत सारखे असतील, आणि दहा वर्षांनी त्यांच्यातला फरक म्हणजे शाळेचं काम. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळांबद्दल २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली राहिलेल्या मुलांची तुलना केली होती. तो करणाऱ्यांत अर्थशास्त्रज्ञ पराग पाठक होते आणि पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले जोशुआ अँग्रिस्टही होते. प्रवेश मिळाल्यामुळे परीक्षांतल्या गुणांत फारसा फरक पडल्याचं त्यांना दिसलं नाही. आपल्या शाळा वेगळ्या असतील. असतील तर सिद्ध करायची सोय सोडतीत आहे.

आणि मुलांचं काय? माझ्या परिचयातली एक मुलगी अशा एका परीक्षेत थोडक्यात राहिली. आता ती बारावीत आहे, गणितात उत्तम आहे, तरी कोणी कौतुक केलं की "नाही हो, मी तशी साधारणच," म्हणते. नऊ वर्षांच्या मुलाला यादीत तुझं नाव नाही असं सांगताना आपण त्याला स्वतःबद्दलची एक माहिती देतो, आणि ती माहिती खोटी असायची शक्यता मोठी असते. 'तू पात्र होतीस, चिठ्ठी दुसऱ्याची निघाली,' हे वाक्य खरंही आहे आणि त्या वयाला पेलवणारंही. जे आत जातात त्यांच्यासाठीही ते बरं. आपल्याइतकीच लायक मुलं बाहेर आहेत, आपली फक्त चिठ्ठी निघाली, हे ज्याला दहाव्या वर्षी कळलं त्याच्याशी सामाजिक जबाबदारीबद्दल बोलणं सोपं जातं. एरवी त्याला सात वर्षं 'तुम्ही निवडलेली मुलं' म्हणून सांगायचं आणि आठव्या वर्षी नम्र हो म्हणायचं, हा उद्योग अवघड आहे.

पण सोडतीनेही एक गोष्ट सुटत नाही. पेटीत चिठ्ठी त्याचीच पडेल ज्याच्या आईबापांनी अर्ज भरला. जाहिरात वाचणारे, फॉर्म आणणारे, चाचणीच्या दिवशी रजा काढू शकणारे पालक कोण, हे सांगायला नको. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत २००५ पर्यंत असंच होतं: शिक्षकाने किंवा पालकाने नाव सुचवलं तर मुलाची चाचणी. मग त्यांनी दुसरीतल्या प्रत्येक मुलाची शाळेतच एक छोटी अशाब्दिक चाचणी घ्यायला सुरुवात केली. अंतिम निकष होते तेच ठेवले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं की तेवढ्यानेच गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची प्रज्ञावंतांच्या वर्गातली संख्या खूप वाढली. ती मुलं आधीही तिथेच होती, त्यांच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. मंदीत पैसे कमी झाले, सरसकट चाचणी थांबली, आणि ही वाढही ओसरली.

आपल्याकडे शोध घेण्याची इच्छा पूर्वी होती. महाराष्ट्र सरकारने ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी साठच्या दशकात विद्यानिकेतनं काढली. साताऱ्याकडचं पुसेगावचं त्यातलंच. केंद्राने १९८५-८६ मध्ये पहिली दोन नवोदय विद्यालयं काढली त्यातलं एक अमरावतीचं, दुसरं हरियाणात झज्जरचं. नवोदयमध्ये किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, आणि परीक्षा मराठीतूनही देता येते. यादी तिथेही आहे, आणि आता तालुक्याच्या गावी नवोदयचे क्लासही आहेत. पण निदान दार कुठल्या बाजूला उघडायचं याचा विचार कोणीतरी केला होता. १९६३ पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा तर २०२१ मध्ये थांबली ती थांबलीच, आणि त्याबद्दल कोणी रस्त्यावर आलं नाही.

म्हणून ज्या खासगी शाळेला खरंच प्रज्ञावंत मुलं हवीत तिने अर्ज मागवणं बंद करावं आणि आपली माणसं बाहेर पाठवावीत. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत जाऊन, शाळेच्या वेळेत, विनाशुल्क, चौथीतल्या सगळ्या मुलांना चाळीस मिनिटांची चाचणी. कोणाला आधी सांगायचं नाही, म्हणजे क्लासवाल्यांना हंगाम सापडत नाही. खर्च येईल; पण ज्या न्यासाला नवी इमारत बांधायला देणगीदार मिळतात त्याला एवढ्यासाठीही मिळतील, मागितलं तर.

आणि सोडतीत नाव न निघालेल्या पात्र मुलांचं पुढे काय, याचं उत्तर प्रबोधिनीने १९६२ मध्येच देऊन ठेवलंय. आपापल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना आठवड्यातून काही तास एकत्र आणायचं, त्यांच्या वेगाचं काहीतरी हातात द्यायचं, आणि परत त्यांच्या शाळेत पाठवायचं. ऐंशी मुलांसाठी पूर्ण वेळेची शाळा चालवायला जेवढा पैसा लागतो तेवढ्यात हजारभर मुलांचे रविवारचे वर्ग चालतील. जागेचाही प्रश्न नाही. महापालिकेच्या शाळा रविवारी रिकाम्याच असतात.